लेकरांची वाटणी

नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे पुढे काय, यासाठी आपल्या मराठी मुलखात जुने शब्द आहेत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की संबंध सुटला, असे मानीत. बाईला पुढे पाट लावण्याची मोकळीक असे. ज्या जातींत ही रीत नव्हती तिथे काडी मोडत नसे, पण बायको माहेरी धाडली जाई आणि जन्मभर टाकलेली म्हणून राही. हे सगळे शब्द मोठ्या माणसांचे झाले. ज्या लेकराचे आईबाप असे वेगळे झाले, त्या लेकराला काय म्हणायचे? त्याच्यासाठी आपल्या बोलीत शब्दच नाही. जणू ते कुठे नव्हतेच!

ही उणीव आपलीच आहे असे मात्र नाही. युरोपातही फार दिवस हेच होते. घटस्फोटाचे कायदे झाले, त्यावर नाटके आणि कादंबऱ्या झाल्या. पण मुलांच्या पुस्तकात हा विषय आणणे कोणाला रुचत नसे. मुलांच्या पुस्तकातल्या आया मरत, बाप समुद्रात बुडत, सावत्र आया छळ करीत. आईबाप जिवंत आहेत आणि तरी एकत्र राहत नाहीत, एवढे मात्र कोणी लिहायचे नाही. आज ज्या पुस्तकाविषयी मी बोलणार आहे, त्याने हा अबोला मोडला. ते जर्मन भाषेतले आहे, 1949 साली निघाले, आणि त्याचे लेखक एरिख केस्टनर. पुस्तकाचे नाव ‘दास डॉपेल्टे लोटशेन’, म्हणजे दुहेरी लोटे. एका लोटेच्या दोन लोट्या झाल्या, असे समजा.

आधी गोष्ट सांगतो. डोंगरातल्या एका सरोवराकाठी मुलींचे सुट्टीतले वसतिगृह आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे व्हिएन्नाहून लुईझ नावाची मुलगी आलेली असते. कुरळ्या केसांची, हूड, जरा तापट. पुढच्या गाडीने म्युनिचहून दुसरी येते, लोटे. हिच्या दोन घट्ट वेण्या, वागणे शहाण्या बाईसारखे. दोघी समोरासमोर येतात आणि सगळे वसतिगृह थक्क होते, कारण चेहरा एकच! लुईझला राग येतो. आपला चेहरा घेऊन ही कोण आली? रात्री मात्र शेजारच्या खाटेवर लोटेचे मुसमुसणे ऐकू येते, आणि अंधारात लुईझचा हात हळूच तिच्या केसांवरून फिरू लागतो.

पुढे दोघी बोलू लागतात. वाढदिवस एकच, जन्मगाव एकच. एकीला आई आहे आणि बाप नाही, दुसरीला बाप आहे आणि आई नाही. आईचा फोटो निघतो आणि सगळे उलगडते. त्या जुळ्या बहिणी असतात. बाप पाल्फी हा व्हिएन्नातला संगीतकार. लग्न झाले तेव्हा दोघेही फार तरुण होते. घरात दोन तान्ह्या पोरी रडू लागल्या तशी त्याला गाणी सुचेनात, म्हणून त्याने कामासाठी निराळी खोली घेतली. त्यातून दुरावा वाढला, आणि शेवटी बायकोने काडी मोडली. निघताना मुलींची वाटणी झाली. एक तुला, एक मला. पोरींना यातले कोणी काही सांगितले नाही. जगात आपल्याला बहीण आहे, हेदेखील नाही.

मग त्या दोघी कट रचतात. सुट्टी संपताना केसांची ठेवण बदलतात, वह्यांत एकमेकींच्या घरची बारीकसारीक माहिती टिपून पाठ करतात, आणि लोटे बापाकडे तर लुईझ आईकडे जाते. पुढचे प्रसंग हसवतातही आणि डोळ्यांत पाणीही आणतात. म्युनिचची आई एका सचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत नोकरी करते, त्यामुळे घरचा स्वयंपाक नऊदहा वर्षांची लोटेच करीत असे. तिथे आता लुईझ आली, आणि तिला चूल कशी सांभाळावी ठाऊक नाही. तिकडे व्हिएन्नात घरकामाची बाई रेझी हिशेबाच्या वहीत हातचलाखी करीत असते. लोटे वही मागून घेते आणि बेरीज तपासते, तेव्हा बाईची बोबडी वळते. सगळे फसतात. फसत नाही तो एकटा डॉक्टरांचा कुत्रा पेपर्ल. ही नेहमीची पोर नव्हे, हे त्याला वासावरून कळते. घरच्या बापाला जे कळले नाही ते डॉक्टरांच्या कुत्र्याला कळले, असे लेखक न सांगता सांगून जातो.

पुढे बापाला दुसरे लग्न करायचे असते. ते ऐकून लोटेच्या जिवाला घोर लागतो आणि ती तापाने अंथरूण धरते. इकडे आईच्या कचेरीत दोघी बहिणींचा एकत्र काढलेला फोटो येऊन पडतो आणि बिंग फुटते. आई व्हिएन्नाला धावते. दोघींच्या वाढदिवसाला पोरी एकच भेट मागतात, आम्हाला पुन्हा तोडू नका. आईबाप पुन्हा लग्न करतात. गोष्ट संपली.

वरवर पाहता ही अदलाबदलीची गंमत आहे. पण पुस्तकाच्या मध्यावर लोटेला एक स्वप्न पडते ते पाहा. तिचा बाप त्या दिवसांत हेन्सेल आणि ग्रेटेल या दोन टाकून दिलेल्या पोरांचा संगीतखेळ चालवीत असतो. तोच खेळ तिच्या स्वप्नात शिरतो. त्यात बाप करवत घेऊन उभा राहतो आणि म्हणतो की मुलांची वाटणी करू, प्रत्येकाला अर्धी लोटे आणि अर्धी लुईझ. श्रोतेहो, जमिनीची वाटणी आपण पाहिली आहे. बांध घालता येतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. बैलजोडीतला एकेक बैलही घेता येतो, जरी जोडी मोडली म्हणून दोन्ही बैल महिनाभर हंबरतात. पण लेकराची वाटणी करायला गेले की हातात करवतच येते. शंभर पानांच्या उपदेशाने जे झाले नसते ते या एका स्वप्नाने केले आहे.

हे लिहिणारा माणूस कोण होता, ते पाहिल्यावर त्याला हे कसे सुचले याचा उलगडा होतो. एरिख केस्टनर 1899 साली ड्रेस्डेन शहरात जन्मले. बाप खोगीर आणि चामडी सामान बनवणारा कारागीर होता. धंदा बुडाला तेव्हा तो पेट्यांच्या कारखान्यात मजुरीला लागला. आईने वयाच्या पस्तिशीच्या सुमारास केशरचनेचे काम शिकून मुलाच्या शिक्षणाला पैसा जोडला. घरात भाडेकरू म्हणून शिक्षक राहत, आणि त्यांना पाहून मुलालाही शिक्षक व्हावेसे वाटले. तो अध्यापक विद्यालयात दाखलही झाला. पण 1917 साली पहिल्या महायुद्धात भरती झाली, आणि परतल्यावर त्याने ती वाट सोडली.

या आईबापांनी काडी कधी मोडली नाही. जन्मभर एका छपराखाली राहिले. पण सुख नव्हते. केस्टनरांनी 1957 साली आपल्या बाळपणाच्या आठवणी छापल्या, त्यात नाताळच्या रात्रीचे वर्णन आहे. बापाने तळघरात आठवडेच्या आठवडे खपून लाकडी खेळणे घडवलेले असे, आणि आईने दुकाने पालथी घालून भेटी आणलेल्या असत. पोर दोघांच्या मधे उभे. एकीकडे आनंद जास्त दाखवला तर दुसऱ्याचा चेहरा उतरायचा, म्हणून ते डावीकडे जितके हसे तितकेच मोजून उजवीकडे हसे. सणाच्या दिवशी तागडी हातात धरलेले पोर! त्याच आठवणींत याहून कठीण गोष्टही आहे. कधी आई चिठ्ठी लिहून घरातून निघून जाई, आणि पोर तिला शोधत एल्बे नदीच्या पुलांवर धावत सुटे. तिथे ती पाण्याकडे बघत उभी सापडे.

म्हणून या लेखकाने आपल्या कादंबरीत मधेच गोष्ट थांबवून मोठ्या वाचकांना जे बजावले, ते नीट ऐकले पाहिजे. मुलांना असले काही सांगू नये, असे म्हणणारे कोणी शेजारी बसून वाचीत असतील हे त्यांनी आधीच ओळखले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जगात आईबापांच्या घटस्फोटाने दुःख भोगणारी मुले पुष्कळ आहेत, आणि आईबाप घटस्फोट घेत नाहीत म्हणून दुःख भोगणारीही पुष्कळ आहेत. मुलांना हे भोगायला लावायचे आणि त्याविषयी शहाणपणाने बोलायचे मात्र नाही, हे बरोबर नव्हे. यातले दुसरे वाक्य नाताळच्या त्या तागडीतून आले आहे, हे उघड आहे.

आता या पुस्तकाचा काळ पाहू. केस्टनरांची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही मुलांची कादंबरी 1929 साली निघाली आणि देशोदेशी गाजली. पण 1933 साली हिटलरची सत्ता आली. त्या वर्षी 10 मे रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, तीत केस्टनरांची पुस्तके जळली, आणि ते स्वतः गर्दीत उभे राहून पाहत होते. त्यांना देशात लिहिण्याची बंदी झाली. त्यांच्या पुस्तकांना चित्रे काढणारे वॉल्टर ट्रिअर ज्यू होते. ते 1936 साली लंडनला निघून गेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झाले. केस्टनर देशातच राहिले. 1942 साली काही महिने त्यांना टोपणनावाने चित्रपटाच्या कथा लिहू दिल्या, तेव्हा जुळ्या बहिणींची ही कथा त्यांनी प्रथम चित्रपटासाठी मांडली. लगेच बंदी पुन्हा आली आणि कागद तसेच राहिले.

युद्ध 1945 साली संपले तेव्हा जर्मनीत लाखो घरे पडली होती, आणि उभ्या राहिलेल्या घरांतही सगळे ठीक नव्हते. आघाडीवर जाण्यापूर्वी घाईघाईत लग्ने झाली होती. नवरा चारपाच वर्षांनी कैदेतून परतला तो खंगलेला, चिडका, अनोळखी. बायकोने तोवर दगडविटा उपसून, रांगा लावून घर चालवले होते. तिला आता कोणाच्या हुकमाखाली राहणे जमेना. मुले तर बापाला ओळखतच नव्हती. पश्चिम जर्मनीत 1948 साली घटस्फोटांची लाट शिगेला पोहोचली, आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक दुकानात आले. त्यातली आई एकटी नोकरी करून मुलीला वाढवते. ती दुबळी नाही आणि वाईटही नाही. बापही राक्षस नाही. आपल्या कामात बुडालेला, अप्पलपोटा, पण प्रेमळ आहे. त्या काळच्या किती मुलांनी यात आपले घर पाहिले असेल!

पुस्तकावर 1950 साली जर्मन चित्रपट निघाला. त्यात निवेदनाचा आवाज खुद्द केस्टनरांचा होता. 1961 साली अमेरिकेत डिस्ने कंपनीने ‘द पेरेंट ट्रॅप’ काढला, आणि 1998 साली तो पुन्हा नव्याने काढला. आपल्याकडे ही कथा मद्रासमार्गे आली. 1965 साली ‘कुळंदैयुम दैवमुम’ हा तमिळ चित्रपट झाला, आणि 1968 साली त्याचाच हिंदी अवतार ‘दो कलियाँ’. महाराष्ट्रातल्या तंबूंत आणि टॉकीजांत ज्यांनी तो पाहिला, त्यांना त्यातली लहानगी नीतू सिंग दोन्ही बहिणींच्या भूमिकेत आठवत असेल. आपल्याकडे येताना कथेत एक फरक पडला. दुराव्याचे खापर नायिकेच्या हेकेखोर आईवर फुटले. नवराबायको दोघेही भले असूनही त्यांचे जमले नाही, हे पडद्यावर सांगणे अवघड गेले. कोणीतरी खलनायक हवाच, नाही का?

असो. आता या पुस्तकावरचा मोठा आक्षेप. त्यात आईबाप शेवटी पुन्हा एकत्र येतात. खऱ्या जगात असे किती वेळा घडते? फार थोडे. मग असले पुस्तक वाचून एखादे मूल मनात धरील की, मी युक्ती केली, मी आजारी पडलो, मी शहाण्यासारखा वागलो, तर बाबा परत येतील. आणि ते आले नाहीत तर? मग ते मूल म्हणेल, माझेच काहीतरी चुकले. हा आक्षेप खरा आहे, आणि पुढच्या लेखकांनी त्याला पुस्तकांनीच उत्तर दिले.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1969 साली कायदा केला, आणि तिथे कोणाचा दोष सिद्ध न करताही घटस्फोट मिळू लागला. इतर राज्यांनी तोच रस्ता धरला. 1972 साली जूडी ब्लूम यांनी एक कादंबरी लिहिली, तिचे नाव मराठीत सांगायचे तर ‘हा काही जगाचा शेवट नव्हे’. तिच्यातली कॅरेनही आईबापांना एकत्र आणू पाहते. पण ते समोरासमोर येतात आणि असे भांडतात की तीच संतापून आपण शाळेसाठी केलेला देखावा जमिनीवर आपटून फोडते. त्या दिवशी तिला कळते की हे दोघे एकत्र नांदणार नाहीत, आणि ते आपल्या हातातही नाही.

1983 साली बेव्हर्ली क्लिअरी यांचे ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ आले, आणि पुढच्या वर्षी त्याला तिथला न्यूबेरी पुरस्कार मिळाला. त्यातला मुलगा ली, एका लेखकाला पत्रे लिहीत लिहीत आपले मन मोकळे करतो. बाप ट्रकवाला, महिनोन्महिने रस्त्यावर. शेवटी तो कुत्र्याला घेऊन भेटायला येतो. मुलाला कुत्रा जिवापाड हवा असतो, पण लांबच्या प्रवासात बापाला सोबत हवी म्हणून तो कुत्रा बापालाच परत देतो. आईबाप एकत्र येत नाहीत. पोर मात्र एका पावलाने मोठे झालेले असते.

1992 साली इंग्लंडमध्ये जॅकलिन विल्सन यांची ‘द सूटकेस किड’ निघाली. तिच्यातली अँडी एक आठवडा आईच्या नव्या घरी आणि एक आठवडा बापाच्या नव्या घरी राहते. सामान पेटीत, आणि सोबतीला खिशात मावणारा इवलासा खेळण्यातला ससा. आपले असे घर तिला कुठेच नाही. ती हळूहळू दोन्हीकडे जागा करते, पण जुने घर परत येत नाही.

म्हणजे 1949 ते 1992 या काळात मुलांची कादंबरी एक मोठा पल्ला चालून गेली. आधी पोरांनी मोडलेले घर जोडले; नंतर मोडलेल्या घरातही नीट वाढता येते, हे ती शिकली. तरी केस्टनरांचे पुस्तक मला शिळे वाटत नाही. याचे कारण त्याचा गोड शेवट नव्हे. त्यात आईबापांचा अपराध कोणता मानला आहे तो पाहा. वेगळे झाले, हा अपराध नाही. मुलींना न विचारता वाटून घेतले आणि त्यांच्यापासून खरे लपवले, हा अपराध आहे. सगळा घोळ त्या लपवण्यातून झाला, आणि खरे बाहेर आले तेव्हाच ताप उतरला. पुढच्या तिन्ही लेखिकांनी शेवट बदलला, पण हे सूत्र बदलले नाही.

आपल्या देशाकडे वळू. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळाला. मुंबई प्रांतात तो 1947 साली आला, आणि सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली झाला. या कायद्याचे 26 वे कलम मुलांसंबंधी आहे. मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांविषयी न्यायालयाने हुकूम द्यावा, आणि शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेला धरून द्यावा, असे त्यात म्हटले आहे. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला, भारताने तो 1992 साली स्वीकारला. त्यातही मुलाचे म्हणणे ऐकून घ्या, असे आहे. कायद्याने मुलाला बोलायला जागा दिली. घराने आणि गावाने दिली का?

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न शेवटी तुमच्या वर्गात येऊन बसतो. वर्षाच्या मधेच एखादे पोर शाळेत येते. मामाच्या गावी आले आहे, एवढेच कळते. हजेरी मांडताना सगळ्यांदेखत त्याला बापाविषयी खोदून विचारू नका; ती माहिती आईकडून एकांतात घ्या. माझे बाबा हा निबंध द्यायचा असेल तर माझ्या घरातले माणूस असाही विषय फळ्यावर लिहा, म्हणजे त्या पोराला लिहायला वाट राहील. शहाणेसुरते झालेले मूल पाहून नुसते कौतुक करू नका. लोटेसारखी पोर वयाआधी घरकरीण होते, तेव्हा तिच्या वाटचे खेळणे कोणीतरी खाल्लेले असते. आणि अभ्यासात चांगले असलेले मूल एकाएकी मागे पडले, तर छडीआधी चौकशी करा.

गावकऱ्यांनाही एक सांगणे आहे. पोराला मांडीवर घेऊन, आई आवडते की बाबा, असे गमतीने विचारण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ज्याचे घर एक आहे ते पोर हसून सोडून देते. ज्याची घरे दोन झाली आहेत त्याच्या हातात आपण ती नाताळची तागडी देतो. तसेच, बापाकडचे निरोप आईला आणि आईकडचे टोमणे बापाला पोहोचवण्याचे काम पोराकडून करून घेऊ नये. ज्याचे त्याने बोलावे, नाहीतर पोस्टात चार आखरे टाकावीत.

आणि आईबापांना? काडी मोडायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे. त्यात केस्टनरांनी कोणाला दोष दिला नाही, आपणही देऊ नये. पण मुलाला जवळ बसवून, त्याच्या वयाला झेपेल एवढे, खरे सांगावे. आम्ही दोघे एकत्र राहणार नाही. यात तुझी काही चूक नाही. तू आम्हा दोघांचा आहेस आणि राहशील. एवढी तीन वाक्ये. ती पुन्हा पुन्हा सांगावी लागतील, कारण पोर पुन्हा पुन्हा विचारील.

केस्टनर 1974 साली म्युनिचमध्ये वारले. त्यांच्या पुस्तकातला करवतीचा बाप स्वप्नातला होता, आणि लोटेला जाग आली तेव्हा तो नाहीसा झाला. ज्या पोराला जागेपणी हे सोसावे लागते, त्याच्याशी खरे बोलणारे एक तरी मोठे माणूस गावात असावे. ते माणूस शाळेत असेल तर अधिकच बरे.